हुजूर दफ्तराची नजर



आपला अर्ज एकदा कचेरीत गेला म्हणजे आपल्याला पहिला प्रश्न पडतो तो हा, की कागद आता कोणाच्या टेबलावर आहे? अलीकडे या प्रश्नाचे उत्तर संगणकाच्या पडद्यावर मिळू लागले आहे. कोणते काम कोठवर आले, कोठे अडले, किती दिवस अडले, हे वरिष्ठांना जागेवर बसून दिसावे अशी ही सोय. तिला डॅशबोर्ड म्हणतात. साधन नवे खरे, पण गरज फार जुनी आहे. ती गरज अठराव्या शतकात पुण्याने कशी भागविली, आणि बांधलेली व्यवस्था पुढे कशी निकामी झाली, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

पेशव्यांच्या राज्यात परगण्याचा कारभार मामलतदार किंवा कमाविसदार पाही. तो पुण्यापासून कित्येक मजला दूर. वसूल त्याच्या हाती, खर्च त्याच्या हाती. अशा माणसावर नजर ठेवायची कशी? त्याच्यावर दुसरा एक मोठा अंमलदार नेमावा, तर त्या दुसऱ्यावर कोण? पेशवाईने शोधलेली तोड निराळी होती. त्यांनी माणसावर पहारा बसविला नाही, कामाच्या पायऱ्या पाडल्या आणि एकेक पायरी एकेकाच्या स्वाधीन केली. मोठ्या मामल्यात मामलतदाराबरोबर आठ दरकदार असत : दिवाण, मजुमदार, फडणीस, दफ्तरदार, पोतनीस, पोतदार, सभासद आणि चिटणीस. हुकमावर दिवाणाची निशाणी हवी. हिशेब फडणिसाकडे जाण्यापूर्वी मजुमदाराने तपासलेला हवा. फडणिसाने रोजची कीर्द लिहावी. त्या कीर्दीवरून दफ्तरदाराने खतावणी करून महिन्याचा गोषवारा हुजुरास पाठवावा. शिलकेची नोंद पोतनिसाकडे, नाण्यांची पारख पोतदाराकडे, पत्रव्यवहार चिटणिसाकडे.

यातली खरी मख्खी पुढेच आहे. या दरकदारांची नेमणूक हुजुरातून होई. मामलतदाराला त्यांना काढता येत नसे, की त्यांच्या दरकाबाहेरचे काम त्यांच्या गळ्यात मारता येत नसे. लिहिणाऱ्याची भाकरी ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्या हातात नव्हती. शिवाय वतनदार देशमुख-देशपांडे यांचे कागद निराळे. मामलतदाराचा हिशेब त्यांच्याशी ताडून पाहता येई. दोन वाटांनी आलेले आकडे जुळले नाहीत, म्हणजे विचारणेला जागा झालीच!

हे सारे कागद अखेर पुण्याच्या हुजूर दफ्तरात येत. तेथे दोनशेवर कारकून राबत असत. दफ्तराचे दोन मोठे भाग होते : चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात पुन्हा तीन शाखा. फड ही फडणिसाच्या थेट हाताखालची. सनदा व हुकूम तेथून निघत, आणि रोजकीर्द तेथे लिहिली जाई. बेहडा शाखा जमाखर्चाचे वार्षिक अंदाज पाही. सरंजाम शाखेकडे सरंजामी व दुमाला गावांचे काम. एकबेरीज दफ्तराचे काम मात्र ह्या सर्वांवरून नजर फिरविण्याचे : निरनिराळ्या खात्यांचे आकडे सदराखाली लावून राज्याच्या जमाखर्चाचा एकत्र तर्जुमा तयार करणे. मामलतदाराने वर्षारंभी काय कबूल केले आणि वर्षअखेरीस काय भरले, हे ताडून पाहावयाचे तर कागद तेथे तयार असे. पडदा नव्हता, वीज नव्हती. पण आजच्या डॅशबोर्डावर जे मागतात तेच यात होते. आपण आजही सहज म्हणतो, निर्णयावर शिक्कामोर्तब झाले, कामावर रुजू झालो, ताळेबंद मांडला. हे शब्द त्या फडावरचेच आहेत.

परंतु, श्रोतेहो, केवळ गौरव करून थांबणे इतिहासाला धरून होणार नाही. मामल्यांच्या हिशेबात ‘दरबारखर्च’ किंवा ‘अंतस्थ’ या नावाची एक बाब असे. मुळात ही कारभाऱ्यांना व हिशेबतपासनिसांना दिलेली लाच. पुढे ती इतकी रुळली, की ती ठराविक हक्क बनली आणि इतर खर्चासारखी रीतसर तपासली जाऊ लागली! मग पुन्हा लाच लागे, ती निराळी गोळा होई, आणि त्या नाजूक बाबीत कोणी फारसे खोल जात नसे. एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात हे नमूद केले आहे. म्हणजे नोंद चोख असूनही चोरी पचत होती. तिला फक्त सदर मिळाले होते.

तरीही थोरल्या माधवरावांच्या अमदानीत (१७६१-१७७२) आणि पुढे नाना फडणिसांच्या हयातीत दफ्तर नीट चालले. कारण कागद येत होते आणि ते वाचणारे, खुलासा मागणारे कोणी तरी होते. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. त्यानंतर दुसऱ्या बाजीरावाने मामले अधिक बोली देणाऱ्यास मक्त्याने देण्यास सुरुवात केली. एकदा मक्त्याची रक्कम हाती पडली, की रयतेकडून किती उकळले हे विचारण्याचे धन्याला कारणच उरले नाही. मग कीर्द कोणासाठी, आणि गोषवारा तरी कोणासाठी? दफ्तराची नोकरमंडळी जवळजवळ मोडली. कागद लोक घरी घेऊन गेले तरी हटकणारा राहिला नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये पुणे इंग्रजांच्या हाती गेले. या शेवटच्या वर्षांचे कागद तुटक आहेत. जे वाचले त्यांतूनच सरदेसाईंनी १९३० पासून ४५ खंड प्रसिद्ध केले.

दफ्तर मोडले म्हणून राज्य गेले, असे मी म्हणत नाही. राज्ये अनेक कारणांनी जातात. पण क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी विचारणे थांबले, मग लिहिणे थांबले.

आज महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ आहे. अर्जाला क्रमांक मिळतो, सेवेला मुदत असते, मुदत टळली तर अपील करता येते. हुजूर दफ्तरात न्याहाळणारा एकटा धनी होता. धनी आळसावला, की सारे आंधळे. आता विचारण्याचा हक्क अर्जदारालाही आहे, आणि माझ्या मते पेशवाईत नसलेली मोठी गोष्ट ती हीच. मात्र पडद्यावर ‘निकाली’ असा शब्द उमटला म्हणजे काम निकालात निघालेच असे नव्हे. ‘अंतस्थ’ही हिशेबात रीतसर बसत होता. म्हणून आपला क्रमांक जपून ठेवावा, मुदत मोजावी आणि चुकल्यास विचारावे. दोनशे कारकुनांचे दफ्तर विचारणाऱ्यावाचून टिकले नाही. संगणकाचे तरी कसे टिकेल?