चाकूच्या पाठीवरची पट्टी

इतिहास म्हटला की तलवारी, भाले आणि तोफा डोळ्यांसमोर उभ्या राहतात. ज्या पात्याने माणसाने रोजचे काम केले, फळ कापले, दोर तोडला, झाडाला कलम केले, त्या घडीच्या चाकूला इतिहासग्रंथांत सहसा जागा मिळत नाही. त्याच्या पाठीवरील धातूच्या पट्टीला तर नाहीच नाही. अशाच एका पट्टीने मागील हिवाळ्यात आम्हाला चार दिवस गुंतवून ठेवले आणि एका जुन्या चुकीची आठवण करून दिली. म्हणून हा लेखनप्रपंच.

जाम नदीच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला आमचे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होणाऱ्या गोटमारीमुळे ही दोन नावे बाहेरच्या जगाला ठाऊक झाली. परंतु वर्षाचे उरलेले दिवस येथे संत्र्याचे असतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौंसर मिळून नवा जिल्हा झाला. नकाशे बदलले, पण संत्र्याला सीमा कळत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा तर सालीत इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर द्यावी लागते, आणि त्यासाठी खिशात धारदार चाकू हवाच.

आमच्या वडिलांच्या पिढीचा चाकू बंडीच्या खिशात असे. मुठीच्या टोकाला कडी, कडीत सुतळी, आणि सुतळीचे दुसरे टोक बंडीच्या काजाला. वाकून काम करताना चाकू घरंगळू नये यासाठीची ही साधी युक्ती. हीच अडचण साऱ्या जगाची होती. अमेरिकेतील स्पायडर्को या कंपनीने १९८१ साली ‘वर्कर’ नावाचा घडीचा चाकू बाजारात आणला. त्याच्या पाठीवर लेखणीच्या टोपणाला असते तशी पट्टी होती, जिने चाकू खिशाच्या काठाला अडकून राही. पुढे इतरांनीही ही सोय उचलली. सुतळीचे काम आता पट्टी करते, एवढाच काय तो फरक.

आमचा पुतण्या कलमांचे काम करतो. एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून दर झाडामागे चाकू ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवायचा, ही त्याची शिस्त. ती योग्यच आहे; परंतु त्या पाण्यातील क्लोरीन पोलादाचा वैरी. खिशाच्या शिवणीवर घासून पट्टीचा काळा रंग आधीच उडाला होता, आणि उघड्या जागी तांबूस ठिपके दिसू लागले होते. “काकाजी, नवा घेतो, हा टाकून देऊ,” असे तो म्हणाला. आम्ही म्हटले, “थांब बाबा, चार दिवस आमच्याकडे ठेव.”

पूर्वी असे काम शिकलगाराकडे जाई. या शब्दाचे मूळ अरबीत असून त्याचा अर्थच मुळी घासून चकाकी आणणे असा आहे. शस्त्रांना झळाळी देणारे हे हात पुढे सुऱ्या-कात्र्यांना धार लावत गावोगाव फिरले. आमच्या लहानपणी साणेच्या चाकाचा आवाज आला की घराघरांतून विळे बाहेर येत. आता तो आवाज क्वचितच कानी पडतो; तेव्हा काम स्वतःच करावे लागते.

प्रथम पट्टीचे बारीक स्क्रू काढून ती चाकूपासून वेगळी केली. हे महत्त्वाचे, कारण पात्याला उष्णता लागली तर त्याचे पाणी उतरते व धार टिकत नाही. पट्टी साबणाने धुतली, उरलेला रंग व गंज ४०० क्रमांकाच्या पॉलिश कागदाने काढला आणि मग ६०० व १००० क्रमांकाचे कागद एकाच दिशेने फिरवले. रंग शिल्लक असताना धातू तापवू नये, धूर घातक असतो. जस्ताचा मुलामा असेल तर तापवण्याच्या फंदात पडूच नये. आमची पट्टी साध्या पोलादाची निघाली. तव्यावर कोरडी वाळू पसरून त्यात ती ठेवली व खिडक्या उघडून मंद आच दिली.

पोलाद तापताना त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि थराच्या जाडीप्रमाणे रंग पालटतो: सुमारे २३० अंशांना फिका पिवळा, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळा आणि ३०० च्या जवळ गडद निळा. रॉबर्ट हूक याने १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’त या रंगांचा विचार केला होता. निळा रंग येताच पट्टी बाहेर काढली, निवू दिली आणि जवसाच्या तेलाचा पातळ हात देऊन वाळवली. हा थर गंज पूर्णपणे रोखत नाही; तेल पुन्हापुन्हा लावावे लागते, आणि ब्लीचिंगच्या पाण्यानंतर चाकू साध्या पाण्याने धुऊन पुसावा लागतो.

आता त्या चुकीविषयी. निवृत्तीनंतर वडिलांचा चाकू पेटीत सापडला. पाते काळवंडलेले. उत्साहाच्या भरात आम्ही ते घासून लख्ख केले. पात्याच्या मुळाशी पुसट अक्षरे होती, तीही त्या घासण्यात गेली. शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स यांची तारा व क्रूस ही खूण १६८२ पासूनची. अशा एका खुणेवरून जाणकार चाकूचे कूळ सांगतात. वडिलांच्या चाकूचे कूळ मात्र आता कोणालाही सांगता येणार नाही. ते आमच्याच हाताने पुसले गेले. शासकीय सेवेत जुन्या नस्ती जपण्यात आमचे आयुष्य गेले, आणि घरातील एक नोंद आम्हीच नष्ट केली.

म्हणून पुतण्याची पट्टी घासण्यापूर्वी तिच्या आतल्या बाजूची अक्षरे आम्ही वहीत उतरवून घेतली आणि ती बाजू कागदापासून दूर ठेवली. गंज काढावा, पण नाव काढू नये, इतकेच शहाणपण या उद्योगातून हाती आले. चाकू परत देताना ती वहीही पुतण्याच्या हाती दिली. त्याने पट्टी खिशाला अडकवली आणि तो बागेकडे निघाला.