गिअर-पेटी : डागडुजी कीं बदली ?

मोटारगाडीच्या अवयवांत गिअर-पेटीइतका सोशिक अवयव दुसरा नाहीं. एंजिन कुरकुरलें कीं मालक तत्काळ कान टवकारतो; टायरची झीज रस्त्यावरचें पोरही दाखवून देतें. पेटी मात्र धातूच्या कवचाआड, तेलांत बुडालेली, वर्षानुवर्षें झिजत राहते. आणि एके दिवशीं चढावर गिअर आपोआप सुटला म्हणजे मग तिची आठवण होते. गॅरेजमध्यें त्या वेळीं एकच प्रश्न उभा राहतो : पेटी उघडून दुरुस्त करावी, कीं सगळीच बदलावी ? हा प्रश्न मिस्त्री व मालक या दोघांमधला दिसतो खरा. परंतु त्याचें उत्तर पुष्कळ वेळां त्यांच्या जन्मापूर्वींच दूरच्या कारखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत ठरून गेलेलें असतें.

पेट्रोलच्या एंजिनाला एक खोड आहे. सावकाश फिरत असतां त्याच्या अंगीं जोर नसतो. वाफेचें एंजिन उभ्या जागेवरून गाडी ओढून नेतें. पेट्रोलच्या एंजिनाला तें साधत नाहीं. म्हणून एंजिन भरभर फिरतें ठेवून चाकें हळू फिरविण्याची युक्ति शोधावी लागली. पॅरिसच्या पॅन्हार्ड व लव्हासॉर या कारखान्यांत एमिल लव्हासॉरनें इ. स. १८९१ च्या सुमारास लहानमोठीं दंतचक्रें दांड्यावर सरकतीं बसवून ही अडचण सोडविली. फिरतीं चक्रें एकमेकांत घुसवावयाचीं असल्यामुळें दर बदलास दांत्यावर दांता आपटे. आणि आरंभींच्या गाड्यांत त्यांवर झांकणही नव्हतें, रस्त्यावरची धूळ थेट दांत्यांत जाई. तरीही १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत लव्हासॉरनें स्वतः सुमारें ४८ तास गाडी हांकली, यावरून या ओबडधोबड योजनेचा कस दिसून येतो. पण त्या काळीं एखादें चक्र झिजलें तर दुसरें आणावें कोठून ? प्रत्येक चक्र कारागिरानें कानस चालवून त्याच्या जोडीदाराशीं जुळविलेलें असे. एका गाडीचें चक्र दुसरीस बसेलच असा भरंवसा नसे. डागडुजी हा तेव्हां पर्याय नव्हता. ती एकमेव वाट होती.

ही स्थिति पालटल्याचें जगानें उघड्या डोळ्यांनीं पाहिलें तें इंग्लंडांतील ब्रुकलँड्स येथें, इ. स. १९०८ मध्यें. डेट्रॉइटच्या कॅडिलॅक कारखान्याचा सूत्रधार हेन्री लीलंड हा मुळांत अचूक मापांच्या विद्येंत मुरलेला कारागीर. त्याच्या कारखान्याच्या तीन गाड्या रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखालीं पूर्णपणें सुट्या करण्यांत आल्या. सर्व भागांचा ढीग एकत्र मिसळण्यांत आला. त्यांतले ८९ भाग बाजूस काढून त्यांच्या जागीं विक्रेत्याच्या कोठारांतले भाग आणले, आणि मग त्या ढिगांतून केवळ पाने व पेचकस वापरून पुन्हां तीन गाड्या उभ्या केल्या. कानशीला मज्जाव होता. त्या गाड्या त्याच मैदानावरील पट्ट्यावर ५०० मैल धांवल्या, आणि कॅडिलॅकला क्लबची ड्यूअर करंडक ही बहुमानाची भेट मिळाली. शर्यतींतील विजयांचे पोवाडे आजही गाइले जातात. या निमूटपणें झालेल्या परीक्षेची आठवण फारच थोड्यांना असते, हें खरोखर अन्यायाचें आहे. झिजलेला भाग काढून टाकून नवा बसविणें हा सामान्य मालकाचा अधिकार झाला, तो अशा परीक्षेच्या बळावर.

हेन्री फोर्डच्या टी मॉडेलनें (१९०८ ते १९२७) आणखी निराळी तोड काढली. त्या गाडीच्या पेटींतील चक्रें सदैव एकमेकांत गुंतलेलींच असत. झीज होई ती ढोलांभोंवतालच्या कापडी पट्ट्यांची, आणि त्या मालकाला स्वतःच बदलतां येत.

अमेरिकेंत १९२८ सालच्या कॅडिलॅकमध्यें ‘सिंक्रोमेश’ आलें, तेव्हां सरकत्या चक्रांच्या पेटीलाही असाच एक बळीचा बकरा लाभला. शंकूच्या आकाराचे भाग आधीं घासले जाऊन दोन्ही चक्रांची गति सारखी होते व मगच दांते गुंततात. पुढें बहुतेक गाड्यांत हें घासण्याचें काम एका पितळी कड्याकडे आलें. झीज दांत्यांवरून कड्यावर गेली. कडें स्वस्त, पण त्याच्यापर्यंत पोहोंचावयाचें तर अख्खी पेटी उतरवावी लागते. जेथें मजुरी महाग, तेथें जुनी पेटी देऊन वर पैसे भरून कारखान्यांत नव्यानें बांधलेली पेटी घेण्याची चाल पडली. जेथें मजुरी स्वस्त व माल दुर्मिळ, तेथें मिस्त्रीचाच हात चालता राहिला.

मुंबई दुसऱ्या वर्गांतली. शिवडी येथें जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें सुट्या भागांतून गाड्या जुळविण्यास आरंभ केला, तेव्हां भागांची वाट बोटीच्या मार्गानें पहावी लागे. १९५३ मध्यें सरकारनें केवळ जुळणी करणाऱ्यांस आश्रय न देण्याचें धोरण धरलें आणि १९५४ मध्यें तो कारखाना बंद झाला. त्याच सुमारास कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यानें फियाट ११०० हातीं घेतली. हीच गाडी पुढें ‘पद्मिनी’ झाली आणि काळ्या-पिवळ्या रंगांत मुंबईची टॅक्सी म्हणून ओळखली जाऊं लागली. सुकाणूच्या दांड्यावर गिअरचा हात, चार गिअर. पहिल्याला सिंक्रोमेश नाहीं. गाडी पुरती थांबल्यावांचून पहिला गिअर टाकूं नये, हा नियम. गर्दींत घाईनें तो मोडला जाई, आणि पहिल्या गिअरचे दांते कोपऱ्यांत टवके उडून बोथट होत.

टॅक्सी भाड्यानें चालविणाऱ्यास पेटीची दुरुस्ती म्हणजे बुडालेल्या दिवसांचा हिशेब. मिस्त्री दोन-तीन दिवस मागे. कुर्ल्याच्या भंगार-बाजारांतली जुनी पेटी संध्याकाळपर्यंत चढे. घरीं चूल पेटवावयाची असतां माणूस कोणती वाट धरी, हें सांगावयास नको. तथापि ती वाट बहुधा महागच पडे. दांत्याचा कणखरपणा त्याच्या वरच्या पातळ थरांत असतो. तो थर गेला म्हणजे आंतलें नरम पोलाद झपाट्यानें झिजतें, आणि बाहेरून पेटीकडे पाहून हें कळत नाहीं. चतुर मिस्त्री आधीं तेल काढून बोटांवर घाशी. पिवळसर कण म्हणजे कड्यांची झीज, तेवढ्यावर निभावतें. चकाकणारे पोलादी कवचे म्हणजे दांते किंवा बेअरिंग गेलें. बेअरिंग बदलतां येतें. चक्र बदलावयाचें तर जोडीनेंच. जुन्या जोडीदाराशीं नवें चक्र गांठलें कीं पेटी रडूं लागते. पण बेअरिंगची बैठकच कवचांत सैल झाली असेल तर दांडे सरळ रेषेंत राहत नाहींत, आणि मग कितीही नवे भाग घातले तरी ते लौकरच खराब होतात. तेवढ्या एका दोषापायीं सगळी पेटी टाकणें शहाणपणाचें. एरवीं दुरुस्ती करावी. आणि बाजारची पेटी घेतलीच तर न उघडतां चढवूं नये.

पद्मिनीचें उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरीस थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. मधल्या वीसेक वर्षांत कारखान्यांतून नवी पेटी येणें बंद होतें. बदली म्हणजे दुसऱ्याच एखाद्या थकलेल्या गाडीची पेटी. म्हणून मिस्त्री दोन पेट्या शेजारीं मांडी. एकीचें कवच, दुसरीचे दांडे, जीं चक्रें जोडीनें शाबूत तीं, असें वेंचून तिसरी बांधी. नवी कडीं मिळालीं तर घाली, न मिळालीं तर जुन्यांतलींच बरीं निवडी, आणि गाडी पुन्हां स्टँडवर जाई.