कूपराँची किल्ली

फ्रांस्वा कूपराँ याने १७१६ साली क्लाव्हसँच्या वादनकलेवर पुस्तक काढले. क्लाव्हसँ म्हणजे पियानोआधीचे, तारा छेडून वाजणारे पट्ट्यांचे वाद्य. नवख्या मुलांना शिकवून निघताना आपण वाद्याची किल्लीच घेऊन जातो, असे तो त्यात सांगतो. पाऊण तासात शिकवलेले मुलांनी क्षणात बिघडवू नये म्हणून. गुरूच्या माघारी सराव नको, हे त्याने छापील पुस्तकातून सांगावे, ही विसंगती आम्हांस बोलकी वाटते.

ऑनलाइन धड्यांवरून कीबोर्ड शिकणाऱ्याचा पेच हाच आहे. उजव्या हाताने सी मेजर सप्तक वाजवताना अंगठा, तर्जनी, मध्यमा, मग अंगठा तळव्याखालून सरकवून चौथ्या स्वरावर, आणि तिथून करंगळीपर्यंत. पाच बोटांत आठ स्वर बसतात ते या सरकण्यामुळे. तेही सनातन नव्हे. कार्ल फिलिप एमानुएल बाख १७५३ च्या ग्रंथात वडिलांची, म्हणजे योहान सेबास्टियन बाखची, आठवण नोंदवतो: त्यांच्या तरुणपणी थोर वादकही अंगठा लांबच्या स्वरांपुरताच वापरीत.

बोटे आकड्यांनी सांगता येतात, म्हणून पुस्तके चालली. विसाव्या शतकात अमेरिकेत पियानोचे धडे टपालानेही गेले. कॅमेऱ्याने बोटांची हालचाल दाखवली, हा लाभ मोठाच. मात्र ध्वनिचित्रित धड्याला शिकणाऱ्याचे ताठ मनगट दिसत नाही, आणि ती खोड मग हातात मुरते. हातपेटीची सवय असलेल्यांची अडचण आणखी वेगळी: भाता ओढणारा डावा हात एकाएकी पट्ट्यांवर येतो आणि उजव्याचीच नक्कल करू पाहतो. त्याचा क्रम निराळा आहे. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पाच स्वर, मग मध्यमा अंगठ्यावरून पुढे.