शाहजहानचे आजारपण, दख्खनचे हरकारे आणि व्हीपीएन

छत्रपती संभाजीनगरातून छावणी मागे टाकून दौलताबादच्या दिशेने निघाले की वाटेत पडेगाव लागते. १६५८ च्या आरंभी याच दिशेला, देवगिरीच्या किल्ल्यात, एक नामांकित कैदी ठेवण्यात आला होता. त्याचे नाव मीर जुमला. मोगलांचा मातब्बर सरदार आणि उत्तम तोफखान्याचा धनी. दख्खनचा सुभेदार असलेल्या औरंगजेबाने त्याला अटक केली आणि तोफा आपल्याकडे घेतल्या.

ही अटक लटकी होती. मीर जुमल्याचे कुटुंब उत्तरेत, दारा शुकोहच्या हाताशी होते. तो उघडपणे औरंगजेबाला मिळाला असता, तर त्या माणसांवर संकट ओढवले असते. म्हणून आग्र्याला एवढेच दिसू दिले गेले, की एक निष्ठावंत सरदार बंडखोर शहजाद्याच्या कैदेत पडला आहे. खरा संबंध पडद्याआड राहिला.

आपला संबंध कोणाशी आहे हे पाळत ठेवणाऱ्याला कळू न देणे, ही व्हीपीएनच्या, म्हणजे आभासी खासगी जाळ्याच्या, मुळाशी असलेली एक गरज. तंत्र १९९० च्या दशकातले आहे. परंतु त्याचे गुण आणि त्याचे धोके या दोन्हींची ओळख १६५७-५८ च्या वारसायुद्धात जितकी स्पष्ट होते, तितकी जाहिरातींतून होत नाही.

६ सप्टेंबर १६५७ रोजी शाहजहान दिल्लीत आजारी पडला. थोरला मुलगा दारा जवळ होता. त्याने घाट-उतारांवर पहारे बसवले आणि बंगाल, गुजरात व दख्खनकडे जाणारी पत्रे अडवायला सुरुवात केली. भावांच्या दरबारातील वकिलांवर नजर ठेवली गेली. औरंगजेबाचा वकील ईसा बेग तर तुरुंगात गेला. हेतू असा, की बादशहा बरा होईपर्यंत गोंधळ माजू नये. घडले उलटेच. बातमी थांबली, अफवा थांबली नाही. बादशहा बरा होऊ लागला होता, तरी तो मेला आणि दारा ते लपवतो आहे, असे दूरच्या सुभ्यांत मानले जाऊ लागले. राजमहालात शुजाने आणि अहमदाबादेत मुरादने स्वतःला बादशहा म्हणवून घेतले.

औरंगजेबाने तशी घाई केली नाही. त्याने आधी वाटेची व्यवस्था लावली. त्याच्या आणि मुरादच्या पत्रव्यवहारासाठी सांकेतिक लिपी ठरली आणि तिची किल्ली मुरादकडे पोहोचवण्यात आली. गुजरात आणि दख्खन यांच्या दरम्यान टप्प्याटप्प्यावर जासूद बसवले गेले.

रस्ता सार्वजनिकच होता; त्यावरून व्यापारी जात, यात्रेकरू जात. त्याच रस्त्यावर दोन भावांनी आपली खासगी वाट उभी केली. हरकारा पकडला गेला, तरी किल्लीवाचून पत्र निरर्थक. व्हीपीएन हेच करते. इंटरनेट हा सार्वजनिक रस्ता. तुमच्या फोनवरून निघालेला मजकूर कूटबद्ध होतो, दुसऱ्या पाकिटात बंद होतो आणि प्रथम व्हीपीएनच्या सर्व्हरवर जातो. तेथे पाकीट उघडते व मजकूर पुढे रवाना होतो. वाटेतल्या इंटरनेट कंपनीला एवढेच दिसते, की अमुक ग्राहक तमुक सर्व्हरशी बोलतो आहे. पलीकडच्या संकेतस्थळाला तुमचा नव्हे, त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो.

१९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टमध्ये यासाठीची पीपीटीपी ही पद्धत आकाराला आली. दूर असलेल्या कर्मचाऱ्याला कचेरीच्या जाळ्यात सुरक्षित प्रवेश देणे, हे तिचे काम. आजही व्हीपीएनचा सर्वांत निर्विवाद उपयोग तोच. वाळूजच्या कारखान्यातील अभियंता पडेगावच्या घरातून कंपनीच्या सर्व्हरवर काम करतो, तेव्हा दोन्ही टोके एकाच मालकाची असतात. विश्वासाचा प्रश्न तेथे फारसा उद्भवत नाही. पत्रकारालाही या पडद्याचे मोल मोठे आहे. सार्वजनिक वायफायवरील चोरीची भीती मात्र आता पूर्वीइतकी उरलेली नाही, कारण बहुतेक संकेतस्थळे स्वतःच मजकूर कूटबद्ध करतात. विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

गुप्त वाट आणि खरे पत्र या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १६५७ च्या त्याच हंगामात मुरादच्या दरबारात अली नकी या दिवाणाचे प्रकरण घडले. दिवाण सचोटीचा, म्हणून शत्रू पुष्कळ. त्यांनी त्याच्या अक्षराचे व शिक्क्याचे एक बनावट पत्र दाराच्या नावे लिहिले. ते घेऊन जाणारा जासूद मुरादच्याच पहाऱ्यात मुद्दाम सापडेल, अशी तजवीज केली. मुरादने पत्र खरे मानले आणि संतापाच्या भरात दिवाणाला स्वतःच्या हातांनी ठार केले. बनावट बँकेच्या संकेतस्थळावर पासवर्ड टाकणाऱ्याला व्हीपीएन वाचवू शकत नाही, ते याच कारणाने. व्हीपीएन वाट झाकते. समोरचा खरा की खोटा, हे सांगत नाही.

वाट मुळीच बंद असेल, तर व्हीपीएन निरुपयोगीच. सरकारने इंटरनेट तोडले की सर्व्हरपर्यंत पोहोचण्याचाच मार्ग राहत नाही. १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बेमुदत इंटरनेटबंदी अमान्य ठरवली. दाराच्या चौक्यांनी अफवा कशा पिकवल्या, हे आठवले तर त्या वादाचे महत्त्व पटते.

मात्र व्हीपीएनमध्ये पाळत नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. पूर्वी जे इंटरनेट कंपनीला दिसत होते, ते आता व्हीपीएन चालवणाऱ्याला दिसू शकते. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ओनावो हे मोफत ॲप याचे ठळक उदाहरण. ते ‘संरक्षणा’च्या नावाने वापरले जाई आणि लोक इतर कोणती ॲप किती वापरतात, याची माहिती फेसबुकला पुरवी. २०१८ मध्ये ते ॲपलच्या दुकानातून हटले. शुल्क नसलेल्या हरकाऱ्याचा पगार कोण देतो, हे विचारणे कोणालाही सुचले नसावे. भारतात सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी ग्राहकांची नावे, पत्ते व आयपी पत्ते ५ वर्षे जपण्याचे बंधन व्हीपीएन कंपन्यांवर घातले. कचेऱ्यांची अंतर्गत जाळी त्यातून वगळली गेली. गुन्ह्याचा तपास व्हायला हवा, हे एका बाजूचे म्हणणे. नोंद ठेवायची तर पडदा कसला, हे दुसऱ्या बाजूचे. एक्सप्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातील आपले सर्व्हरच काढून घेतले.

मुरादची गोष्ट याहून कठोर आहे. लिपी फुटली नाही, वाट तुटली नाही. करार झाला होता: लुटीचा तिसरा हिस्सा, शिवाय पंजाब, काबूल, काश्मीर आणि सिंध मुरादला. ५ फेब्रुवारी १६५८ रोजी औरंगजेब औरंगाबादेतून निघाला. एप्रिलमध्ये दोघे भाऊ माळव्यात भेटले, धर्मत आणि सामूगढ जिंकले. २५ जूनला मथुरेजवळ औरंगजेबाने मुरादला मेजवानीला बोलावले आणि कैद केले. पुढे ग्वाल्हेरच्या किल्ल्यात त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवला गेला, तो अली नकीच्या मुलाच्या फिर्यादीवरून. डिसेंबर १६६१ मध्ये मुरादला देहदंड देण्यात आला.