तिकिटावर नाव कुणाचं?

मंडळी, सुरुवातीलाच एक तिकीट पुढच्या रांगेतून फिरवतो. चिमट्यानं धरा, बोट लावू नका. राणी व्हिक्टोरियाचं, एक पेनीचं, जांभळं. १८८१ पासून हे अब्जावधींनी छापलं गेलं, त्यामुळे एरवी याला फारशी किंमत नाही. पण राणीच्या चेहऱ्यावर काळ्या शाईत एका व्यापारी पेढीचं नाव दिसतंय ना? सरकारी तिकिटावर खासगी नाव आलं कसं?

याचं मूळ चोरीत आहे. त्या काळात तिकीट म्हणजे जवळजवळ रोख पैसाच. पेढीतल्या कारकुनानं दोन-चार तिकिटं खिशात घातली, तर ती सहज विकता येत. ऑक्सफर्ड युनियन सोसायटीनं १८५९च्या सुमारास आपली आद्याक्षरं तिकिटांवर छापून घेतली, ती याच काळजीपोटी. पुढे १८६८ मध्ये जोसेफ स्लोपर यांना तिकिटांत छिद्रांनी आद्याक्षरं पाडायची परवानगी पोस्टानं दिली. अशा तिकिटांना संग्राहक 'परफिन' म्हणतात. आपल्याकडे मुंबई-कलकत्त्याच्या बँका आणि पेढ्यांनीही ती वापरली.

मग शाईची छपाई उरली कुठे? पावत्यांवर. १८८१ मध्ये इंग्लंडात टपालाचं आणि महसुलाचं पेनी तिकीट एकच झालं. दोन पौंड किंवा त्याहून जास्त रकमेच्या पावतीला ते लावावं लागे. मोठ्या दुकानांत अशा पावत्या दिवसाला शेकड्यांनी फाटत. नाव आधीच छापलेलं असलं की चोरीला आळा बसे.

आता आपल्या गावाकडे या. १८९९च्या मुद्रांक कायद्यानं वीस रुपयांवरच्या पावतीला एक आण्याचं तिकीट लावलं. १९०६च्या सातव्या एडवर्डच्या अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असे शब्द आले. म्हणजे इथेही तीच सोय. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर आडवी सही करायची, हेही याच कायद्यात.

ही आडवी सही पिंपरी-चिंचवडला चांगलीच ओळखीची. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मग आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को. चाकणची पाळी बऱ्याच नंतर आली. रोखीनं पगार होई, तिथला देखावा आठवा. खिडकीपाशी रांग, पुढ्यात पगारपत्रक, नावासमोर चिकटवलेलं रेव्हेन्यू तिकीट. त्यावर सही, नाहीतर अंगठा. लंडनच्या तिकिटावर मालकाचं नाव होतं, इथे कामगाराचं.

म्हणून संग्राहकांना माझी एक विनंती आहे. तिकीट पाण्यात भिजवून सुटं करू नका. सुट्या तिकिटावर सहीचा मधला तुकडाच उरतो. बाकीची सही कागदावर राहते. कुणाची, कोणत्या महिन्याची, किती रुपयांची, हे सगळं त्या कागदावरच असतं. ब्रिटिश पावत्यांचंही तेच. पावतीवरून वेगळं केलं की पेढीचं नाव उरतं, व्यवहार जातो.

आणि आपल्याकडे हे जास्त घाईचं आहे. पगाराची रजिस्टरं शेवटच्या नोंदीनंतर तीन वर्षं सांभाळायची, एवढंच बंधन कायद्यानं घातलं होतं. त्यानंतर ती रद्दीत गेली तर कुणाचा दोष? २००४ पासून पाच हजारांवरच्या पावतीलाच एक रुपयाचं तिकीट लागतं, आणि पगार तर थेट बँकेत जमा होतो. त्या सह्या आता नव्यानं होणार नाहीत.

एक जांभळी पेनी हरवली तर दुसरी मिळेल. साठच्या दशकात गाव सोडून इथे आलेल्या माणसाचा पहिल्या पगाराचा अंगठा दुसरा मिळायचा नाही. घरी गेल्यावर वडिलांची, आजोबांची पत्र्याची पेटी एकदा उघडून बघा. असा एखादा कागद निघाला, तर तिकिटासकट, घडीसकट, आहे तसा ठेवा.