पक्ष्यांचे फोटो धूसर येतात? लेन्सच्या आधी हवा तपासा

नवी १५०-६०० मिमी लेन्स घेतली आणि एप्रिलमध्ये जळगावच्या मेहरूण तलावावर गेलो. सकाळचे अकरा वाजले होते. काठावरून साठ-सत्तर मीटरवर शेकाट्या उभा होता. शटर १/२०००, स्टॅबिलायझर चालू, फोकसचा चौकोन बरोबर डोळ्यावर. घरी लॅपटॉपवर बघतो तर एकही फोटो शार्प नाही. मित्र म्हणाला, "भाऊ, पीस खराब आलाय." मलाही तसंच वाटलं.

लेन्स चांगली होती. खराब होती ती मधली हवा.

मे महिन्यात धुळे-जळगाव रस्त्यावर डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं ना? त्या मृगजळामागचंच हे विज्ञान. गरम हवा विरळ, थंड हवा दाट. दोन्हींतून जाताना प्रकाश वेगवेगळा वाकतो. तापलेल्या काठावरून गरम हवेचे लोट उठत राहतात, त्यामुळे पक्ष्याकडून येणारा प्रकाश सतत थरथरतो. डोळ्याला ते फारसं जाणवत नाही, पण ६०० मिमी लेन्स पक्ष्यासोबत ती थरथरही मोठी करून दाखवते. स्टॅबिलायझर फक्त हाताची हालचाल सावरतो, हवेची नाही. आणि महागडी लेन्स घेतली तरी मधली हवा तीच!

खात्री करायची असेल तर त्याच वेळी, त्याच सेटिंगवर आठ-दहा मीटरवरच्या फांदीचा फोटो घ्या. तो स्वच्छ आला, तर लेन्स दुरुस्तीला टाकायची गरज नाही. हिवाळ्यात आणखी एक गंमत होते. गाडीतल्या उबदार हवेतून, खिडकीची काच खाली करून फोटो काढला की थरथर खिडकीतच तयार होते. आधी गाडी थंड होऊ द्या.

मग उपाय काय? अंतर कमी करणं. इथेच मी चुकलो. पुढच्या वेळी काठाने पुढे सरकत गेलो, तर एक टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. फोटो मस्त मिळाले, अगदी शार्प. ती जमिनीवरच्या अंड्यांसाठी ओरडत होती, हे नंतर कळलं. टिटवी उघड्या जमिनीवर, साधारण चार अंडी घालते. उन्हात ती अंडी उबवण्यापेक्षा त्यांच्यावर सावली धरते, कधी पोटाची पिसं भिजवून आणून गारवा देते. आपल्याकडच्या ४२-४४ अंशांत तिला पंधरा मिनिटं लांब ठेवलं तर काय होईल, वेगळं सांगायला नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही येतं. ते फोटो मी डिलीट केले.

आता मी उजाडायच्या आधी जाऊन एका जागी बसतो. सूर्य पाठीमागे, कॅमेरा जमेल तितका खाली. हललं नाही तर टिबुकली, खंड्या आपणहून जवळ येतात. ऊन तापायला लागलं की, उन्हाळ्यात साधारण साडेआठला, कॅमेरा बॅगेत. उशीर झालाच तर बर्स्टवर वीस-तीस फ्रेम घ्या, हवा क्षणभर शांत झालेली एखादी फ्रेम हाती लागते.

एक्स्पोजरचं थोडक्यात: गडद पाण्यासमोर पांढरा बगळा असेल तर कॅमेरा फ्रेम उजळवायला जातो आणि पिसं पांढरीफटक होतात. -०.७ ते -१ ठेवा. चकाकत्या पाण्यावर काळा वारकरी असेल तर उलट, + कडे जा.

बदकांसाठी भुसावळजवळचं हतनूर धरण किंवा धुळ्याचा नकाणे तलाव हिवाळ्यात गाठा. आणि घरटं दिसलंच तर मोबाईल कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा. नाहीतर मूळ फाईल पुढे पाठवली की घरट्याचा पत्ताही सोबत जातो.