माझगावचे सी यूप मंदिर : वाटचाल

मुंबईत माझगावच्या नवाब टँक रोडवर सी यूप संघाने १९१९ साली आपले मंदिर उभारले. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील तैशान, काइपिंग, शिनहुई आणि एनपिंग या चार परगण्यांतून आलेल्या लोकांचा हा संघ. त्यांत खलाशी होते, गोदीत काम करणारे होते, सुतारही होते. गोदी जवळच, त्यामुळे बोटीवरून उतरलेल्या नवख्याला आपल्या बोलीत बोलणारे कोणीतरी इथे भेटे. वरच्या मजल्यावर न्याय आणि शौर्याची देवता क्वान कुंग, खाली करुणेची देवी क्वान यिन.

या माणसांना सरकारी आधार किती पातळ होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय संघाचे मोल कळत नाही. परदेशी गेलेल्यांवरील जुनी बंदी चीनच्या चिंग दरबाराने औपचारिकरीत्या उठवली ती १८९३ मध्ये. ब्रिटिश सिंगापुरात चीनचा वाणिज्यदूत १८७७ पासून होता; पण त्याचे बळ ब्रिटिश सरकारच्या मर्जीइतकेच. १९०९ च्या चिनी कायद्याने रक्ताच्या नात्यावर नागरिकत्व दिले, तर १९१४ च्या ब्रिटिश कायद्याने साम्राज्यात जन्मलेल्याला ब्रिटिश प्रजाजन मानले. माझगावात जन्मलेले चिनी मूल असे दोन्ही सत्तांचे झाले. पुढे १९३० च्या हेग करारात तत्त्व ठरले, की माणूस ज्या दोन देशांचा नागरिक आहे, त्यांतील एकाला दुसऱ्याविरुद्ध त्याची राजनैतिक पाठराखण करता येणार नाही.  त्यामुळे चिनी खलाशाला रोजच्या अडचणीत सर्वांत जवळचा आधार आपल्या संघाचाच होता.

भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी नव्या चीनला मान्यता दिली आणि अनेकांजवळचे आधीच्या चिनी सरकारचे पासपोर्ट निरुपयोगी झाले. खरी कसोटी १९६२ च्या भारत-चीन युद्धाची. त्या वर्षीच्या कायद्याने आक्रमक देशाचा नागरिक असलेल्याला, किंवा ज्याचे आईवडील वा आजीआजोबा कधीकाळी तसे होते त्यालाही, परदेशी ठरवता येऊ लागले. इथे जन्म होऊनही अनेकांवर संशय आला. आसाम-बंगालमधील हजारो चिनी कुटुंबीय राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले. हा अन्याय होता आणि तो तसाच नोंदवला पाहिजे. मुंबईतला चिनी वाणिज्य दूतावास बंद पडला. कित्येक कुटुंबे देश सोडून गेली, वस्ती विरळ झाली.

मंदिर मात्र बंद झाले नाही. राहिलेल्यांनी देवाचा दिवा सांभाळला, उत्सव चालू ठेवले. दूतावास मुंबईत परतला तो १९९२ मध्ये, तीस वर्षांनी. आता या मुंबईकर चिनी कुटुंबांची संख्या थोडी आहे, पण चांद्र नववर्षाला मंदिर लाल रोषणाईने सजते, उदबत्त्या लागतात आणि शेजारपाजारची इतर मंडळीही दर्शनाला येतात.